परळचा नर्सिंग रिफ्रेशर कोर्स: अर्धे पैसे वसूल

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली नर्स. 2009 साली थोरलीच्या वेळी नोकरी सोडली, मग धाकटा, मग सासूबाईंचं आजारपण. यंदा मार्चमध्ये परळच्या एका खासगी संस्थेत 15 दिवसांचा रिफ्रेशर कोर्स केला. फी 9,500. संस्थेचं नाव लिहीत नाही. शिकवणाऱ्या सिस्टरबद्दल मला आदर आहे, ऑफिसबद्दल अजिबात नाही.

सिस्टरांचं अर्धं आयुष्य आयसीयूत गेलेलं. पहिल्याच दिवशी सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवणं. मी जुन्या सवयीने आधी सरावाच्या बाहुलीची मान मागे करून श्वास बघायला गेले. "अगं, ते 2010 लाच बदललं. आधी छाती दाब!" मिनिटाला 100 ते 120 दाब, 5 ते 6 सेंटिमीटर खोल, 30 दाबांनंतर 2 श्वास. दाब पुरेसा खोल गेला की बाहुलीतून टक् आवाज येतो. माझ्या पहिल्या दहांत तो तीनदाच आला. इतकी वर्षं मळलेल्या कणकेचा इथे काही उपयोग नाही, जोर खांद्यातून लागतो.

हॉस्पिटलच्या कचऱ्याचे 2016 चे नियमही छान समजावले. सुया पांढऱ्या डब्यात, औषधाच्या काचेच्या बाटल्या (व्हायल) निळ्यात, सलाईनच्या नळ्यांचा सेट लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. आमच्या वेळी सिरिंजा ब्लिचिंगच्या पाण्यात बुडवून बोटं सोलून निघायची.

सगळंच विसरले नव्हते बरं का. "एक लिटर सलाईन आठ तासांत," सिस्टर म्हणाल्या आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "मिनिटाला बेचाळीस थेंब." शेजारची पोरगी हसली, "ताई, सलाईनच्या पंपावर ताशी 125 मिली टाकायचं फक्त." सिस्टर तिला म्हणाल्या, "पंप बंद पडला की हिलाच हाक मारशील."

आता रड. माहितीपत्रकात 'हॉस्पिटल सॉफ्टवेअर' छापलंय. प्रत्यक्षात चाळीस मिनिटं भिंतीवर स्लाइड दाखवल्या, कीबोर्डला बोट लावू दिलं नाही. आणि नंतरच्या इंटरव्ह्यूत मला नेमकं तेच विचारलं: औषध दिल्याची नोंद स्क्रीनवर करून दाखवा. मी पेन शोधत होते.

दुसरं, सर्टिफिकेटवर क्रेडिट पॉइंट मिळतील असं फोनवर सांगितलं होतं. शेवटच्या दिवशी विचारलं तर "प्रोसेसमध्ये आहे." नर्सचं रजिस्ट्रेशन दर 5 वर्षांनी रिन्यू करावं लागतं, तिथे हे पॉइंट लागतात. तेव्हा पैसे भरण्याआधी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या मंजुरीचा कागद बघायला मागा, तोंडी शब्दावर जाऊ नका.

वेळ मात्र सोयीची, साडेदहा ते दीड. भांडुपहून स्लो लोकलने जाऊन धाकटा शाळेतून यायच्या आत मी घरी असायचे. जाणार असाल तर पुढच्या रांगेत बसा. बाहुली एकच आहे आणि आम्ही बावीस जणी होतो.