रिकामी भिंत: जुनं आणावं की हातानं करावं?

घरातलं सामान जागच्या जागी लागलं, पडदे चढले, भिंती मात्र अजून कोऱ्या आहेत. अशा वेळी मन दोन बाजूंना ओढ घेतं. कधी वाटतं, जुन्या वस्तूंच्या दुकानांत फिरावं आणि एखादा कोरीव आरसा, पितळी दिवा, जुना नकाशा, लाकडी पेटी असं काहीतरी हुडकून आणावं. कधी वाटतं, रंग, दोऱ्या, कापड घेऊन बसावं आणि आपल्या हातचं काम भिंतीवर लावावं, किंवा चांगल्या कारागिराकडून मनासारखं करून घ्यावं. दोन्हींत जीव आहे. पण वेळ, पैसा आणि भिंत मोजकीच असते, त्यामुळे सुरुवात कुठून करायची हे ठरवावंच लागतं.

माझं मत आधीच मांडते. भिंतीवरची सर्वांत मोठी वस्तू हातानं केलेली असावी, आणि खोलीतल्या जाड, वजनदार, रोज हात लागणाऱ्या वस्तू जुन्या असाव्यात. उलटं केलं तर दोन्हीकडे अडचण होते.

माप कोणाच्या हातात?

हातची वस्तू भिंत बघून करता येते, हा तिचा सर्वांत मोठा फायदा. सोफ्यावरच्या चित्राची रुंदी सोफ्याच्या साधारण दोन तृतीयांश असली की दोन्ही एकत्र शोभतात. सोफा १८० सेंमी असेल तर चित्र १२० सेंमीच्या आसपास. चित्राची खालची कड सोफ्याच्या पाठीपासून १५ ते २० सेंमी वर. मोकळ्या भिंतीवर चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंमीवर ठेवतात. उभ्या माणसाची नजर साधारण तिथे पडते, आणि बरीच संग्रहालयं याच हिशेबानं चित्रं टांगतात.

आता १२० सेंमी रुंदीची जुनी वस्तू शोधायला निघा. ती आवडली पाहिजे, शाबूत असली पाहिजे, खोलीच्या रंगांत बसली पाहिजे आणि परवडली पाहिजे. हे सगळं एकदम जुळून यायला वर्षही लागू शकतं. बहुतेकांचा धीर त्याआधीच सुटतो. मग छोट्या छोट्या वस्तू घरी येतात आणि मोठ्या भिंतीवर हरवून जातात.

म्हणून जुन्याच्या शोधात निघताना उलट्या बाजूनं विचार करावा. ‘या भिंतीसाठी काय मिळेल’ असं न म्हणता ‘ही वस्तू सापडली, तिला घरात कुठे जागा आहे’ असं बघावं. खोलीच्या सगळ्या रिकाम्या जागांची मापं फोनमध्ये टिपून ठेवा आणि टेप खिशात ठेवा. दुकानात सगळंच लहान दिसतं. घराच्या दारातून आत आलं की तेच कपाट अंगावर येतं.

जुनी वस्तू पाठीमागून बघावी

वीस-पंचवीस वर्षांपेक्षा जुन्या वस्तूला ढोबळमानानं व्हिंटेज म्हणतात, शंभरी ओलांडली की अँटिक. विकणारा ‘अँटिक’ म्हणाला म्हणून ती शंभर वर्षांची होत नाही. वस्तू उलटी करून बघितल्याशिवाय घेऊच नये, यावर मी ठाम आहे.

लाकडी चौकट किंवा खण असलेलं टेबल घ्या. खण पूर्ण बाहेर काढा आणि कोपऱ्याचा सांधा बघा. एकमेकांत अडकवलेल्या दातांची रुंदी थोडी कमीजास्त असेल आणि कडेला करवतीसाठी मारलेली बारीक आखणी दिसत असेल, तर सांधा हातानं कापलेला आहे. सगळे दात हुबेहूब एकसारखे असतील तर काम यंत्राचं आहे. स्क्रूही बोलतात. ज्यांना आपण स्टार स्क्रू म्हणतो ते १९३०च्या दशकात बाजारात आले. टेबल १९०० सालचं सांगितलं जातंय आणि सगळे स्क्रू स्टारचे आहेत, म्हणजे एक तर सांगणं चुकीचं आहे किंवा मधे दुरुस्ती झाली आहे. दुरुस्ती हा दोष नाही, पण किमतीत तो फरक पडायला हवा.

मग किडीकडे या. एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं दिसली तर ती लाकूड पोखरणाऱ्या किडीची आहेत. भोकाची आतली कड काळपट, मळकी असेल तर कीड बहुधा कधीच निघून गेली. कड ताजी, फिकी असेल आणि खाली पिठासारखा भुगा पडत असेल, तर आत अजून कोणीतरी आहे. शंका असली तर वस्तू इतर लाकडापासून दूर, काळ्या कागदावर काही आठवडे ठेवा. भुगा पडलाच तर कागदावर लगेच दिसतो. या किडीच्या अळ्या लाकडात वर्षानुवर्षं राहतात, त्यामुळे चार दिवस काही दिसलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका.

पितळ ओळखायला लोहचुंबक पुरेसा आहे. पितळ चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आणि वर मुलामा. चित्र असेल तर भिंगातून बघा. रंग बारीक ठिपक्यांच्या जाळीनं बनलेला दिसला तर ती छपाई आहे, मूळ काम नव्हे. छापील जुनी पोस्टर्सही सुंदर असतात. फक्त मूळ चित्राची किंमत देऊन ती घेऊ नयेत.

तीन ठिकाणी मात्र सौंदर्यापेक्षा काळजी मोठी. जुन्या रंगात शिसं असू शकतं. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर बंदी १९७८ मध्ये आली, इतर देशांत वेगवेगळ्या वेळी. म्हणून मगरीच्या पाठीसारखे तडे गेलेला, पोपडे सुटलेला जुना रंग पॉलिश पेपरनं घासू नये. लहान मूल असलेल्या घरात अशी वस्तू आणूच नये. दुसरं म्हणजे अंधारात चमकणाऱ्या आकड्यांची जुनी घड्याळं. त्यांतल्या काहींच्या रंगात रेडियम असे. चमक गेली म्हणून रेडियम गेलं असं होत नाही, कारण ते निम्मं व्हायला १,६०० वर्षं लागतात. असं घड्याळ उघडायचं नाही, खरवडायचं नाही. तिसरी गोष्ट म्हणजे आरसा. आरशामागे चांदीचा थर देण्याची पद्धत लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १८३५ मध्ये शोधली. त्याआधी कथिल आणि पाऱ्याचा थर असे, आणि तो पुढेही काही दशकं वापरात राहिला. फार जुन्या आरशाची पाठ हौसेनं सोलू नका. नंतरच्या आरशांच्या कडेला दिसणारे काळे डाग मात्र चांदीच्या थरावर ओलीनं पडलेले असतात. ते नुसते दिसण्याचे आहेत, आणि मला तर ते आवडतात.

कापड जुनं असेल तर कसर तपासा. घट्ट बंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवलं की कसर आणि तिची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर कापडावर दव धरतं.

हातचं काम टिकणार कशावर?

हातच्या कामात कीड, शिसं, फसवणूक असली कुठली भीती नाही. तिथली कमजोरी वेगळी आहे: आपण उत्साहानं करतो आणि साहित्य हाताला लागेल ते वापरतो. दोन वर्षांत कागद पिवळा पडतो, जांभळा राखाडी होतो, गोंदाचे डाग वर येतात. वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडतो तो त्यातल्या लिग्निनमुळे, आणि स्वस्त पुठ्ठ्यातही तेच असतं. चित्राभोवती असा पुठ्ठा लावला तर त्यातलं आम्ल कडेकडेनं कागदात उतरतं आणि तपकिरी रेघ उमटते. आम्लविरहित कागद आणि तसाच पुठ्ठा, एवढी एक गोष्ट पाळली तरी चित्राचं आयुष्य कितीतरी वाढतं.

रंगांचंही तेच. रंगकणांवर बनलेले रंग टिकतात. बऱ्याच स्केचपेनांत, चमकदार निऑन शाईत विरघळणारा रंग असतो आणि तो उजेडात उडतो. चांगल्या ट्यूबवर उजेडात टिकण्याची श्रेणी छापलेली असते, ती वाचा. कारागिराकडून घेत असाल तर हेच प्रश्न त्याला विचारा: कागद कुठला, रंग कुठले, पाठीवर सही आणि साल आहे का. मन लावून काम करणाऱ्याला हे प्रश्न आवडतात.

काय करावं म्हणाल, तर चित्रकला येत नसणाऱ्यासाठी माझी पहिली पसंती सायनोटाइपला. जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञानं १८४२ मध्ये शोधलेली ही उन्हाच्या मदतीनं निळं चित्र उमटवायची पद्धत. दोन लोहक्षार पाण्यात विरघळवून कागदावर लावायचे, मंद उजेडात वाळवायचे, वर पानं-गवत दाबून ऊन दाखवायचं आणि साध्या पाण्यात धुवायचं. झाकलेला भाग पांढरा राहतो, बाकीचा गडद निळा होतो. कागद पाण्यात गेल्यावर हिरवट-पिवळा थर निघून जातो आणि पानाची एकेक शीर वर येते, तो क्षण बघण्यासारखा आहे. वस्तूच कागदावर ठेवत असल्यामुळे रेखाटण्याचा प्रश्नच येत नाही. सलग उन्हात ही निळाई फिकी होते, पण काही काळ अंधारात ठेवली की बरीचशी परत येते. साबण आणि इतर अल्कधर्मी पदार्थांपासून मात्र ती जपावी लागते.

मोठ्या भिंतीला दोरकाम किंवा कापड उत्तम. मॅक्रमेसाठी, म्हणजे गाठी मारून केलेल्या दोरकामासाठी, दोरी कापताना प्रत्येक पदर तयार लांबीच्या चौपट धरतात. दांडीवर दुमडून बांधायची तर आठपट. दोरी अर्ध्यात संपली तर जोड लपवणं कठीण जातं, म्हणून इथे कंजुषी नको. कापड टांगायचं असेल तर पाठीमागे वरच्या कडेला नेफा शिवून त्यात दांडी घाला. चार खिळ्यांवर टांगलेलं कापड खिळ्यांपाशी ताणलं जातं आणि मधे झोळ येतो.

उजेड आणि वजन

उजेडाचा नियम दोघांनाही सारखाच. संग्रहालयांत कागद, जलरंग आणि कापड यांच्यावर सहसा ५० लक्सच (लक्स हे उजेडाचं माप) उजेड ठेवतात, तैलचित्रांवर २०० पर्यंत. उन्हाच्या खिडकीपाशी तो हजारो लक्स असतो. झालेलं नुकसान साठत जातं आणि सहसा भरून येत नाही. खिडकीसमोरच्या भिंतीला धातू, लाकूड, चिनीमाती द्या, म्हणजे जुन्या वस्तू द्या. आतल्या, सावलीतल्या भिंतीवर कागद आणि कापड.

वजनात हातचं काम जिंकतं. दोरकाम, ताणलेला कॅनव्हास हे हलके असतात. काच आली की हिशेब बदलतो: १०० × ७० सेंमीची दोन मिलिमीटर काच साडेतीन किलोंची, ॲक्रिलिक निम्म्याहून कमी. मात्र कोळशाच्या किंवा पेस्टलच्या चित्रावर ॲक्रिलिक लावू नका. ते स्थिर विजेनं भुकटी ओढून घेतं. जुना जाड आरसा टांगायचा तर ड्रिल, प्लग आणि दोन स्वतंत्र आधार हवेत. भाड्याच्या घरात भोकं पाडता येत नसतील तर प्रश्न तिथेच सुटला: आरसा पेटीवर टेकवून ठेवा आणि भिंतीवर हलकं हातकाम लावा.

पैशाचं थोडक्यात. जुन्या वस्तूचा छुपा खर्च वाहतूक आणि दुरुस्ती, हातच्या कामाचा छुपा खर्च चौकट. चौकटीला चित्राच्या साहित्याहून जास्त पैसे जाणं अगदी नेहमीचं आहे. चांगली जुनी वस्तू नको झाली तर विकता येते, हौसेनं केलेलं काम सहसा विकलं जात नाही. पण कॅनव्हास पुन्हा रंगवता येतो आणि दोऱ्या उसवता येतात.

जुनी चौकट, नवं काम

हा मधला मार्ग मला दोन्ही टोकांपेक्षा सरस वाटतो. मळकट, बेरंगी झालेल्या छापील चित्रामुळे कितीतरी सुरेख जुन्या चौकटी स्वस्तात पडून असतात. चौकट घ्या, आतलं बाजूला ठेवा (फेकण्याआधी भिंगातून एकदा बघा), कोपऱ्यांचे सांधे हलवून बघा, गंजलेले खिळे काढा, मागचा जुना पुठ्ठा बदला. मग आतलं माप घेऊन त्यात बसेल असंच काम करा. इथे जुन्याचं माप नव्याला मिळतं आणि मापाची अडचण उरत नाही. काच आणि चित्र एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मधे पुठ्ठ्याची खिडकी ठेवा. लाकडावर जवसाचं तेल लावलंत तर तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

मग कोणी काय निवडावं? घर लवकर बदलणार असाल, मुलं लहान असतील किंवा पुढच्या महिन्यात भिंत भरलेली हवी असेल, तर हातचं काम. राहायचं ठिकाण पक्कं असेल, शोधण्यात आनंद वाटत असेल आणि मधली रिकामी भिंत सहन होत असेल, तर जुन्याच्या मागे जा. हाताशी रविवारची दुपार असेल पण शोधायला फिरण्याची आवड नसेल, तर जुनी चौकट कोणाकडून तरी मागवून घ्या आणि आतलं तुम्ही करा.

दोन्ही एकाच भिंतीवर लावणार असाल तर प्रत्येक वस्तूच्या मापाचे कागद कापून चिकटपट्टीनं भिंतीवर लावा आणि एक-दोन दिवस तसेच राहू द्या. दोन वस्तूंमध्ये ५ ते ८ सेंमी जागा सोडा आणि जड, गडद वस्तू खालच्या बाजूला घ्या. मग पाणसळ धरून आधी मधली वस्तू लावा. बाकीच्या तिच्यावरून मोजा.