हमी स्क्रूची होती, हिरडीची नव्हती

गेल्या वर्षी स्कूटीवरून पडले आणि वरचा समोरचा दात मुळाशी मोडला. भाचीचं लग्न महिन्यावर आलेलं. त्यातच सोसायटीच्या गेटवर पत्रक दिसलं: तीन दिवसांत पक्का दात, आजीवन हमी.

दवाखाना चकचकीत. "ताई, मूळ काढायचं, त्याच खड्ड्यात इम्प्लांट, म्हणजे हाडात बसणारा धातूचा स्क्रू, तिसऱ्या दिवशी त्यावर कॅप. स्विस माल आहे." ५५,००० रुपये दिले. बिलात थ्री-डी स्कॅनचे ३,५०० धरले होते. प्रत्यक्षात तोंडात चौकोनी फिल्म धरून एक लहानसा एक्स-रे काढला, एवढंच. तेव्हा मला दोन्हींतला फरकच माहीत नव्हता.

खोटं कशाला बोलू, लग्नातले फोटो छान आले.

आठव्या महिन्यात बेसिनच्या आरशात कॅपच्या वर एक करडी रेघ दिसली. वाटलं, मेथीचं पान अडकलंय. ब्रशने घासलं, दोरा फिरवला, नखाने खरवडलं. निघेना. धातू होता तो! हिरडी वर सरकली होती आणि दात शेजारच्यापेक्षा लांबुडका दिसत होता.

परत गेले तर उत्तर तयारच. "तुम्ही जोरात घासता. इम्प्लांट हलतोय का? नाही ना? मग हमी शाबूत." सोनेरी कार्डाच्या मागे बारीक अक्षरांत होतंच: हमी फक्त स्क्रूपुरती.

मग हिरड्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांचा पहिला प्रश्न, "इम्प्लांटचा स्टिकर कुठाय?" प्रत्येक इम्प्लांटच्या डबीवर कंपनीचं नाव, माप, लॉट नंबर असलेला स्टिकर असतो आणि तो पेशंटला मिळायला हवा, हे मला तेव्हा कळलं. कंपनीनुसार पाना वेगळा असू शकतो, त्यामुळे स्टिकर नसेल तर वरचा भाग उघडतानाही अंदाज बांधत बसावं लागतं. स्विस की कुठला, देव जाणे.

त्यांनी खरा स्कॅन काढला. त्यात मी उभी राहिले आणि मशीन डोक्याभोवती फिरलं. स्क्रू ओठाच्या बाजूला कललेला दिसला. वरच्या समोरच्या दातांवर त्या बाजूला हाडाचा पापुद्रा मुळातच पातळ असतो, बऱ्याचदा एक मिलिमीटरही नाही, आणि दात काढल्यावर तोही झिजतो. म्हणून तिथे आधी स्कॅन लागतो, कित्येकदा हाडाची भर घालावी लागते. हाड गेलं की हिरडीला आधार कशाचा?

टाळूचा तुकडा काढून हिरडीवर लावला. आठवडाभर पेज आणि गार ताक. स्क्रू आणि कॅपच्या मधल्या धातूच्या आधाराच्या जागी पांढरा झिरकोनियाचा, म्हणजे सिरॅमिकचा, बसवला. रेघ झाकली गेली, पण हिरडी शेजारच्या दाताइतकी खाली आली नाही. स्क्रूच तिरका आहे म्हटल्यावर येणारही नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. दोन वर्षांच्या आत करावी लागते. सगळी भिस्त बिलातल्या त्या ३,५०० च्या ओळीवर आहे. पैसे घेतल्याची नोंद आहे, स्कॅन मात्र ना त्यांच्याकडे, ना माझ्याकडे.