मुक्त विद्यापीठातून बी.ए.: शेती सांभाळून शिकतानाचा माझा अनुभव

जळगाव जिल्ह्यात तापीकाठच्या एका गावात मी कापूस आणि मका करतो. वय ३९. दहावीला गणितात राहिलो, त्याच वर्षी वडील आजारी पडले आणि शाळा सुटली ती सुटलीच. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी शिक्षणक्रम आधी केला, मग बी.ए.ला नाव घातलं. त्यालाही आता दहा महिने होत आले. आमच्या भागातले बरेच जण मला विचारतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

पारावर पहिला प्रश्न आला तो असा: "आते शिकीसन काय करशी रे भो?" दुसरा प्रश्न पदवी खरी का खोटी हा. तर हे विद्यापीठ राज्याच्या कायद्याने १९८९ साली स्थापन झालेलं सरकारी विद्यापीठ आहे. आपलं जळगावचं विद्यापीठ त्यानंतर वर्षभराने, १९९० ला आलं. मुक्त आणि दूरस्थ पद्धतीने घेतलेली मान्यताप्राप्त पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची असते, हे यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. मात्र घ्यायचा तो शिक्षणक्रम यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत आहे का, हे प्रवेशाआधी स्वतः बघा.

पूर्वतयारीबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथे माझ्या ओळखीच्या दोघांची निराशा झाली. पूर्वतयारी पास म्हणजे बारावी पास नव्हे. बारावी नसलेल्या, वयाची अठरा वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला पदवीचं दार उघडावं म्हणून ती आहे. ज्या भरतीत बारावीचीच गुणपत्रिका मागतात, तिथे ते प्रमाणपत्र चालेल असं धरून चालू नका. नियम बदलत असतात, तेव्हा त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

वर्षाची फी मला खताच्या दोन गोण्यांच्या आसपास पडली. एवढ्या पैशात रोज कॉलेजला जायचं म्हटलं तर एसटीचं भाडंसुद्धा निघणार नाही.

पण मला खरं सांगायचं आहे ते पुस्तकांबद्दल. आमच्याकडे शेतीची लाईट आठवडा-आठवड्याने दिवसाची आणि रात्रीची येते. रात्रपाळीच्या आठवड्यात मी विहिरीवरच्या खोलीत खाट टाकून असतो. वर बल्ब, बाहेर मोटारीचा आवाज, आणि दर दोन तासांनी उठून बारं फिरवायचं, म्हणजे पाणी पुढच्या सऱ्यांत वळवायचं. एवढ्या वेळात एखाद्या घटकाचा एक तुकडा पुरा होतो. ही पुस्तकं एकट्याने शिकणाऱ्याला समोर ठेवूनच लिहिलेली आहेत. घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं असतात, मध्ये स्वयं-अध्ययनाचे प्रश्न असतात आणि त्यांची उत्तरं शेवटी दिलेली असतात. पहिल्यांदा मी उत्तरं आधीच बघायचो. मग एक वही केली. उत्तर आधी वहीत लिहायचं, मगच मागचं पान उघडायचं. पहिल्या घटकात सातपैकी दोन बरोबर आली होती. महिन्याभराने सातपैकी सहा आली, त्या रात्री बारं फिरवायला जाताना बॅटरी घ्यायचंही भान राहिलं नाही, चांदण्यातच गेलो.

मोबाईलवर पीडीएफ वाचता येते, पण विहिरीवर मला छापील पुस्तकच लागतं. ओल्या हातांनी स्क्रीन चालत नाही.

आता तक्रार. माझं अभ्यासकेंद्र गावापासून बावीस किलोमीटरवर आहे. पहिल्या संपर्कसत्राला सकाळची एसटी धरून गेलो तर गेटला कुलूप. सत्र पुढे ढकलल्याचा निरोप ग्रुपवर टाकला होता आणि माझा नंबरच त्या ग्रुपमध्ये घेतलेला नव्हता. वेचणीचे दिवस, एक अख्खा दिवस वाया गेला. पुस्तकांसाठीही तीन चकरा झाल्या. त्यानंतर मी केंद्रातल्या लिपिक ताईंचा नंबर घेतला आणि निघायच्या आदल्या दिवशी फोन करायला लागलो. त्या नीट बोलतात, सांगतात. पुढची दोन्ही सत्रं वेळेवर झाली. मराठीच्या सरांनी कविता अशी शिकवली की आम्ही बाराजण जेवायच्या सुट्टीतही त्यावरच बोलत होतो. त्यात एक पोलीस पाटील होते आणि एक आजीबाई, नातीला शाळेत सोडून आलेल्या.

फॉर्म भरताना एबीसी आयडी (शिक्षणातले श्रेयांक ऑनलाइन जमा होतात त्या खात्याचा नंबर) आणि डेब आयडी (यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा नोंदणी नंबर) लागतो. त्यासाठी आधारवरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव एकसारखं आहे का, ते आधी बघा. माझ्या दाखल्यावर वडिलांच्या नावापुढे 'राव' होतं, आधारवर नव्हतं. दुरुस्तीत पंधरा दिवस गेले. फॉर्म दुकानदाराकडून भरून घेतला तरी मोबाईल नंबर स्वतःचाच द्या, सगळे ओटीपी त्यावरच येतात.

लिहायची सवय मोडलेली असते, याची तयारी ठेवा. पूर्वतयारीच्या परीक्षेआधी घरी पेपर सोडवून पाहिला, तर दीड पानात बोटं आखडली. वीस वर्षं विळा आणि फवारणीचा पंप धरलेला हात. मग रोज रात्री जेवण झाल्यावर एक पान शुद्धलेखन सुरू केलं. मुलगी सातवीत आहे, ती तपासायची आणि ऱ्हस्व-दीर्घाला लाल गोल करायची. त्या गोलांचा मला फार उपयोग झाला. बी.ए.चे गृहपाठही तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय मी केंद्रात देत नाही.

नोकरदार, गृहिणी, शेतकरी, ज्यांची शाळा मध्येच तुटली, त्यांनी जरूर प्रवेश घ्यावा. ज्याला कुणीतरी रोज उठवून अभ्यासाला बसवावं लागतं, त्याने मात्र दहा वेळा विचार करावा, कारण इथे हाक मारायला कुणी येत नाही.

बी.ए.ची परीक्षा यंदा नेमकी आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर), कापसासाठी शेत तयार करायच्या धावपळीत आली आहे. वेळापत्रकाची झेरॉक्स काढून मोटारीच्या स्टार्टरपेटीच्या झाकणाला आतून चिकटवली आहे. बटण दाबायला झाकण उघडलं की आधी तीच दिसते.