खान्देशच्या हिवाळ्यात ३२ आऱ्यांची साधी चाकं: दोन सीझन वापरल्यानंतरचा अनुभव

रोड बाइकसाठी कोणती चाकं घ्यावीत असं आपल्याकडच्या कुणी विचारलं, तर माझं उत्तर आता ठरलेलं आहे: जे चाक आपल्या गावात दुरुस्त होतं ते घ्या. ३२ आरे, तेही हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, भोकात अडकणाऱ्या वाकड्या मानेचे, आरा रिमला आवळणारे पितळी निपल, दुहेरी भिंतीची अॅल्युमिनियमची रिम आणि कप-कोनचा, म्हणजे सुट्या छर्ऱ्यांचा हब. धुळ्यात राहून सलग दोन हिवाळे अशीच जोडी चालवतोय.

परदेशी लेखांमध्ये हिवाळ्याची चाकं म्हणजे वेगळंच प्रकरण असतं. तिकडे पाऊस, चिखल आणि बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ. महागडी चाकं खराब होऊ नयेत म्हणून लोक तेवढ्यापुरती स्वस्त, जड जोडी लावतात. आपल्याकडे मात्र उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर चढतो आणि पावसाळ्यात रस्त्यांचा भरवसा नसतो, म्हणून वर्षाचा खरा सराव नोव्हेंबर ते फेब्रुवारी याच काळात होतो. २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायची लांब पल्ल्याची राइड, साडेतेरा तासांत पूर्ण करायची तर तयारीचे लांब पल्ले याच महिन्यांत मारावे लागतात. म्हणजे आपली हिवाळ्याची चाकं हीच आपली मुख्य चाकं. ती चार महिने उभी राहिली तर वर्ष गेलं.

आणि आपल्या रस्त्यांचा त्रासही वेगळा आहे. काळी माती पावसात फुगते आणि नंतर आकसते. तिच्यावरचा डांबरी रस्ता दिसायला सपाट, पण चाकाखाली लाटा असतात आणि कडा तुटलेल्या असतात. पारोळा-अमळनेर पट्ट्यात गाडीला बाजू द्यायला म्हणून कडेला उतरलं की चाकाला जो दणका बसतो, तो महामार्गावर दिवसभरातही बसत नाही. त्यात कापूस वेचणीचे दिवस, शहाद्याकडे उसाच्या ट्रॉल्या आणि या सगळ्यातून उडणारी बारीक धूळ.

आधी माझ्याकडे कारखान्यातून जोडून आलेली, पुढे २० आणि मागे २४ आऱ्यांची चाकं होती. कंपनीचं नाव घेत नाही. चालायला ती खरोखर छान होती. पण मागच्या चाकाचा चेनकडचा एक आरा तुटला आणि रिम इतकी आऊट झाली की ब्रेक मोकळा सोडूनही चाक घासत राहिलं. आरा चपटा, सरळ मानेचा, त्याच मॉडेलचा लागणारा. तो बाहेरून मागवावा लागला आणि ऐन डिसेंबरातले आठवडे वाट बघण्यात गेले. २४ आऱ्यांतला एक गेला की उरलेल्यांवर येणारा भार बराच वाढतो. ३२ मध्ये रिम थोडी डुलते, पण माणूस सावकाश का होईना घरी पोहोचतो.

नवी जोडी अशी: शिमानो कंपनीचे, टियाग्रा या श्रेणीच्या दर्जाचे आरएस४०० हब, ३२ भोकांचे. आरे दोन्ही टोकांना २ मिलिमीटर आणि मध्ये १.८ मिलिमीटर. मधली बारीक तार थोडी ताणली जाते आणि दणका वाटून घेते, म्हणून हे आरे सरसकट जाड आऱ्यांपेक्षा जास्त टिकतात. थोडे महाग पडतात, पण पैसे वाचवायची ही जागा नाही. रिम आतून १९ मिलिमीटर रुंद, निपलच्या भोकांना धातूच्या रिंगा बसवलेली. मजुरी धरून सगळं १२ हजारांच्या आत बसलं.

विणकाम आमच्या भागातल्या एका जुन्या दुकानात करून घेतलं. तिथल्या अप्पांनी आयुष्यभर साध्या सायकलींची चाकं बांधली आहेत. मी ताण मोजायचं मीटर घेऊन गेलो होतो. त्यांनी आधी बोटांनी आरे छेडून आवाज जुळवले आणि मग मीटर लावलं, तर मागच्या चाकाचे चेनकडचे आरे सगळे ११० ते १२० किलोच्या दरम्यान भरले. "ताण सारखा ऱ्हायना ते काहीच व्हस नही, भाऊ," एवढंच म्हणाले, म्हणजे ताण सारखा राहिला तर काहीच होत नाही. मला यापेक्षा महत्त्वाचं वाक्य चाकांबद्दल कुणी सांगितलेलं नाही. आरा एका दणक्यात क्वचितच तुटतो. ढिला आरा प्रत्येक फेऱ्याला ताणला-सुटला जातो आणि मानेपाशी थकून तुटतो. म्हणून बांधून झाल्यावर दोन-दोन समांतर आरे मुठीत घेऊन जोरात आवळायचे, पुन्हा सरळ करायचं, आणि पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर चाक परत दाखवायचं. ही परतफेरी चुकवू नका. पहिल्या राइडला आऱ्यांचा टिणटिण आवाज येईल, घाबरायचं कारण नाही, पिळलेले आरे मोकळे होत असतात.

त्यानंतर दोन हिवाळ्यांत एकही आरा गेलेला नाही. माझं वजन पंचाहत्तरीत आहे, हेही लक्षात घ्या.

वजनाचा प्रश्न हमखास येतो. जोडी दोन किलोच्या आसपास भरते, आधीच्यापेक्षा चारेकशे ग्रॅम जास्त. मी आणि सायकल मिळून ८५ किलो धरलं तर हा फरक अर्ध्या टक्क्याचा, म्हणजे तासाभराच्या चढाला पंधरा-वीस सेकंद. लळिंगच्या घाटात तो जाणवलाही नाही. तोरणमाळ चढताना पाय गळतात ते चाकांमुळे नाही, आणि उतरताना तर ही रिम फार बरी वाटते. सतत ब्रेक दाबून ती तापते, पण अॅल्युमिनियम ती उष्णता सोसतं. रिम ब्रेकची कार्बनची स्वस्त चाकं घेऊन अशा उतारावर जाऊ नये, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

आता हबबद्दल. कप-कोन जुनाट वाटतो, पण धुळीच्या प्रदेशात त्याला तोड नाही, फक्त देखभाल हवी. सीझन सुरू होण्याआधी आणि संपल्यावर उघडायचा, रॉकेलने धुवायचा, छर्रे नवे टाकायचे, ग्रीस भरायचं. मागच्या हबला पाव इंची छर्रे लागतात, दोन्ही बाजूंना नऊ-नऊ. पुढच्याला तीन सोळांश इंची, दहा-दहा. कुठेही मिळतात आणि किंमत नगण्य. कोन आवळताना किंचित खेळ ठेवा, कारण क्विक रिलीज, म्हणजे चाक आवळायची दांडी, दाबल्यावर तो भरून निघतो. आधीच घट्ट केला तर कोनला खड्डे पडतात आणि मग हबच जातो. सीलबंद बेअरिंगचा हब असेल तर ६००१ सारखे नंबर पंप-मोटरच्या बेअरिंगवाल्याकडे मिळतील, पण ६९०२ सारखी पातळ मात्र बहुधा मागवावी लागतात. हब घेण्याआधी त्यातला नंबर विचारूनच घ्या. आणखी एक: या हबवर ११ गतींची कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संच, थेट बसते, ८, ९ किंवा १० ची बसवायची असेल तर मागे १.८५ मिलिमीटरचा स्पेसर, म्हणजे पातळ कडी, लागतो. तो नसला की कॅसेट खुळखुळते आणि दोष उगाच हबला जातो.

काट्यांवर चाकाचा इलाज नाही, टायरचा आहे. कुंपणासाठी नेलेल्या बाभळीच्या काट्या रस्त्यावर सांडतात आणि कडेला सराटे असतातच. १९ मिलिमीटरच्या रिमवर २८ मिलिमीटरचा जाड पट्ट्याचा टायर, मागे ८० आणि पुढे ७० पीएसआयच्या आसपास हवा, हे माझं जमलेलं गणित. २५ मध्ये शंभर पीएसआय भरून फिरणाऱ्यांनी एकदा हे करून बघावं. हात आणि कंबर दोन्ही वाचतात. आधी ब्रेकच्या कमानीत २८ मावतो का ते मात्र तपासा.

डिस्क ब्रेकवाल्यांना आरे, निपल आणि ताणाचं सगळं तसंच लागू आहे, फक्त हब आपल्या थ्रू-अॅक्सलच्या, म्हणजे आरपार जाणाऱ्या आसाच्या, मापाचा घ्यावा.

उणीव एकच, आणि ती खरी आहे: रिमवरची ब्रेक घासणारी पट्टी झिजते. पॅडमध्ये अडकलेली धूळ रिम कानशीसारखी घासते. मी दर आठवड्याला ओल्या फडक्याने रिम पुसतो आणि पॅडमध्ये रुतलेले अॅल्युमिनियमचे कण सुईने काढतो, तरी पुढच्या रिमवर मोजपट्टी आडवी धरली की मध्ये पोकळी दिसायला लागली आहे. पुढच्या हिवाळ्याआधी ती रिम बदलणार. हब तोच राहील. नव्या रिमला ३२ भोकं असली आणि तिची ईआरडी, म्हणजे आऱ्यांची लांबी ज्यावरून ठरते तो व्यास, जुन्या रिमइतकीच असली तर आरेही तेच चालतात. नवी रिम जुनीला चिकटपट्टीने बांधून एकेक आरा पलीकडे सरकवायचा. निपल तेवढे नवे घ्यायचे, पितळीच.