फाइव्ह व्हाय की फिशबोन? अपघाताच्या तपासासाठी निवड करताना

मूळ कारण शोधायच्या या दोन पद्धती. फाइव्ह व्हायमध्ये प्रत्येक उत्तराला पुन्हा 'का' विचारत मुळाशी जायचं; फिशबोनमध्ये माशाच्या सांगाड्यासारखी आकृती काढून 'माणूस', 'मशीन' अशा एकेका काट्यावर संभाव्य कारणं लिहायची. दोन्ही चांगल्या आहेत, आणि तुमच्या टीमला एकीचा सराव असेल तर केवळ हे वाचून बदलू नका. नव्याने ठरवत असाल, तर माझं पारडं कुठे झुकतं ते सांगतो.

जपानी गुणवत्तातज्ज्ञ इशिकावांचा फिशबोन मुळात गुणवत्तेच्या कामातून आला आणि तिथे तो खरोखर उपयोगी पडतो. रिजेक्शन, म्हणजे नाकारल्या जाणाऱ्या मालाचं प्रमाण, महिनोन्महिने वरखाली होतंय आणि नेमकं कशामुळे ते कळत नाही, अशा वेळी मीही तोच घेईन. बैठकीत सगळे बोलतात, कुठलंही कारण नजरेतून सुटत नाही.

अपघाताच्या तपासात मात्र एक गोष्ट फार खटकते. त्या काट्यांवर अंदाज आणि पुरावा सारखेच दिसतात. बहुतेक वेळा 'माणूस' हा काटा सगळ्यात आधी भरतो: लक्ष नव्हतं, ट्रेनिंग कमी पडलं. मग कारणांवर मतदान होतं, पुन्हा ट्रेनिंग, हजेरीपटावर सह्या, फाइल बंद. मशीनमध्ये काहीच बदलत नाही.

टोयोटाच्या फाइव्ह व्हायमध्येही हे होऊ शकतं, एकाच रेषेत 'का' विचारत गेलं तर. म्हणून फांद्या काढायच्या. समजा, प्रेसजवळ तेलावरून कामगार घसरला. पहिल्याच पायरीवर तीन प्रश्न येतात. तेल का सांडलं? ते साफ का झालं नाही? तो तिथूनच का गेला?

पहिली फांदी अशी उतरते: हायड्रॉलिक होज (दाबाखालच्या तेलाची नळी) फुटली, कारण ती ब्रॅकेटच्या कडेला घासत होती. घासत होती, कारण तिला जागेवर धरून ठेवणारा क्लॅम्प नव्हता. ब्रेकडाउनमध्ये होज बदलताना तो काढला, परत बसवला नाही, आणि जॉब कार्डवर (दुरुस्तीच्या कामाच्या कागदावर) तो तपासण्याची ओळच नाही. दुसऱ्या फांदीत गळती आधीच्या शिफ्टला दिसली होती, पण हँडओव्हरमध्ये नोंद नाही. तिसरीत चालण्याच्या पट्ट्यावर पॅलेट ठेवलेले होते.

प्रत्येक उत्तरापुढे पुरावा लिहा: फोटो, जॉब कार्ड, काढून ठेवलेली होज. पुरावा नसेल तर प्रश्नचिन्ह. मग साखळी उलटी वाचा: क्लॅम्प नव्हता म्हणून होज घासली, घासली म्हणून फुटली. 'म्हणून' अडखळला, तर मधली पायरी राहिली आहे. पाचाचा आकडा मी पाळत नाही. जे बदलणं आपल्या हातात आहे तिथे पोचलं की थांबायचं. 'निष्काळजीपणा' आला की आणखी एक 'का'.

आग, स्फोट अशा प्रकरणांत, जिथे अनेक संरक्षणं एकाच वेळी निकामी होतात, तिथे या दोन्ही अपुऱ्या पडतात. फॉल्ट ट्री, म्हणजे कोणकोणते बिघाड एकत्र आले की घटना घडते त्याची आकृती, करणारा माणूस बोलवा. बाकी रोजच्या अपघातांना आणि थोडक्यात टळलेल्या घटनांना फांद्यांचा फाइव्ह व्हाय पुरेसा वाटतो. चार-पाच जण बसवा, त्यांत त्या मशीनवर रोज काम करणारा एक हवाच. आणि महिन्याभराने प्रेस बंद करून, दाब उतरवून, क्लॅम्प जागेवर आहे का ते स्वतः पाहा.