तीन पत्ती येते, आता पोकर: आधी ड्रॉ शिकावा की होल्डम?

आमच्या आर्वीकडच्या गावात ज्याला पत्ते पिसता येतात त्याला तीन पत्ती येतेच. मेंढीकोट आणि बदाम सात तर पोरंही खेळतात. पोकर मात्र मोबाइलवरच्या जाहिरातीपुरता माहीत. गेल्या दिवाळीत पुण्याहून आलेल्या भाच्यानं तो शिकवायला घेतला आणि बसल्याबसल्या विचारलं, "मामा, ड्रॉ शिकता का होल्डम?" पोकरचे प्रकार असतात हेच मला ठाऊक नव्हतं. प्रकार बरेच आहेत, पण नवख्यानं यांतलाच एक निवडावा. आम्ही आठवडाभर दोन्ही खेळलो.

फाइव्ह कार्ड ड्रॉ आपल्या ओळखीचा वाटतो. सगळ्यांनी बूट (डावाआधीची ठरलेली रक्कम) टाकायचा, प्रत्येकाला पाच पानं झाकून, मग चालीची, म्हणजे रक्कम लावायची, एक फेरी. त्यानंतर नको ती पानं टाकून तेवढीच नवी घ्यायची (आम्ही तीनपर्यंतची मर्यादा ठेवली), पुन्हा एक फेरी, आणि शो. टेक्सास होल्डममध्ये हातात दोनच पानं. बाकी पाच मधोमध उघडी पडतात आणि ती सगळ्यांची असतात: आधी एकदम तीन, तो फ्लॉप, मग एक, तो टर्न, शेवटचं एक, तो रिव्हर. आपली दोन आणि मधली पाच, या सातांतून सगळ्यात भारी पाच निवडायची. चालीच्या फेऱ्या चार. आईनं चष्मा सारून बघितलं आणि म्हणाली, "अर्धे पत्ते तं उघडेच हायेत, मंग लपवता काय?" तिथंच तर होल्डमची मजा आहे.

पानांची उतरंड दोन्हींत एकच, आणि तीन पत्तीवाला तिथंच अडखळतो. खालून वर: काहीच न जुळलेला हात, एक जोडी, दोन जोड्या, तीन सारखी, सिक्वेन्स (ओळीनं पाच), कलर (पाचही एकाच रंगाची, जसं सगळे बदाम), फुल हाउस (तीन सारखी आणि वर एक जोडी), चार सारखी, आणि माथ्यावर एकाच रंगाची सिक्वेन्स. दहापासून एक्क्यापर्यंतची तशी सिक्वेन्स म्हणजे रॉयल फ्लश. म्हणजे आपली लाडकी ट्रेल (तीन सारखी) इथं सिक्वेन्सच्याही खाली बसते. त्याहून मोठा घोळ कलरचा. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला मारते, पोकरमध्ये कलर सिक्वेन्सला. पहिल्या रात्री माझ्याकडे पाच बदाम होते, भाच्यानं पाच ते नऊ मांडले, आणि मी मुकाट्यानं ढीग त्याच्याकडे सरकवला. तोही काही बोलला नाही. सकाळी चहा पिताना हसत सुटला.

यामागे हिशेब आहे. तीन पानांचे एकूण २२,१०० हात होतात. त्यात साध्या सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६, म्हणून सिक्वेन्स दुर्मिळ. पाच पानांचे हात २५,९८,९६०. त्यात सिक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८; पारडं उलटं फिरतं. जे कमी वेळा येतं ते वर, हा नियम पोकर काटेकोर पाळतो. तीन पत्ती तेवढी पाळत नाही: तिथं ट्रेल ५२ आणि एकरंगी सिक्वेन्स ४८, तरी ट्रेलच राजा! एक्का-दुर्री-तिर्री आपल्याकडे मोठी सिक्वेन्स मानतात. पोकरमध्ये एक्का ते पंजा ही सगळ्यांत छोटी. आणि रंगात उच्चनीच नाही. इस्पिकचा एक्का आणि चौकटचा एक्का सारखेच. हात तंतोतंत बरोबरीचे निघाले तर ढीग वाटून घ्यायचा.

जोडीचा भावही नव्यानं शिकावा लागतो. तीन पत्तीत जोडी शंभरातून जेमतेम सतरा वेळा येते, म्हणून ती आली की छाती फुगते. ड्रॉमध्ये वाटलेल्या पहिल्या पाचांतच ती शंभरात बेचाळीस वेळा असते. होल्डममध्ये सातही पानं धरली तर काहीच न जुळणारा हात फक्त सतरा टक्के. माझा मोठा भाऊ दुर्रीच्या जोडीवर चाल वाढवत बसायचा आणि दर वेळी विचारायचा, "हे हरते कसं?"

चालीच्या बाबतीत मला होल्डम जड गेला, कारण शब्द जुने आणि अर्थ नवे. आपल्याकडे ब्लाइंड म्हणजे पानं न बघता खेळणं. होल्डममध्ये ब्लाइंड म्हणजे वाटणाऱ्याच्या डावीकडच्या दोघांनी पानं येण्याआधी टाकायची सक्तीची रक्कम, पहिल्याची लहान आणि दुसऱ्याची साधारण दुप्पट. पानं मग सगळेच बघतात. पॅक म्हणजे फोल्ड, हे सोपं. नवी गोष्ट चेक: कुणी काही लावलं नसेल तर आपणही न लावता पुढच्याकडे पाठवायचं. तीन पत्तीत अशी मोकळीक कुठली! आणि तिथं दोघं उरून कुणी शो मागेपर्यंत चाल फिरतच राहते. पोकरमध्ये सगळ्यांची रक्कम सारखी झाली की फेरी बंद. साइड शो (शेजाऱ्याशी गुपचूप पानं ताडून बघणं) नाहीच. ड्रॉमध्ये ब्लाइंडऐवजी बूट चालतो आणि फेऱ्या दोनच, त्यामुळे इथं ड्रॉ सरळ सोपा.

मग माणसं किती, हे बघा. ड्रॉमध्ये सात जण बसले आणि प्रत्येकानं तीन पानं बदलली तर ५६ पानं लागतात, आणि कॅटमध्ये असतात ५२. सहापर्यंतच ठीक. होल्डममध्ये आठ जणांना हातची सोळा, मधली पाच आणि वाटताना बाजूला टाकायची तीन धरून २४ पानांत काम भागतं. आमच्या ओट्यावर जेवणानंतर दोघांचे आठ कधी होतात ते कळत नाही, तेव्हा हा फरक लहान नाही. दोघं-तिघंच असले तर मात्र होल्डमचा सरंजाम जास्त वाटतो.

ढिगासाठी पैसे नकोत. आम्ही आधी फुटाणे घेतले. नवव्या डावाला अर्धी रक्कम पोटात गेली होती. मग चिंचोका म्हणजे एक आणि गजगा म्हणजे पाच, असं ठरवलं. पैसे लावून बसलात तर १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं केलेल्या कायद्यानं पैशाचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे म्हणा की नशिबाचे, बंदच केले. कुणी ॲपची लिंक पाठवून "शिकायले बरं पडते" म्हणत असेल तर त्याचं ऐकू नका.

आता निवड. उतरंड पाठ करायचीय, घरातल्या पोरांना घेऊन बसायचंय, तर ड्रॉ. दोन संध्याकाळी पुरतात. पण तीन पत्तीत मुरलेल्या माणसाला मी ड्रॉवर थांबायला सांगणार नाही. सगळी पानं झाकलेली असली की तो जुन्याच सवयीनं खेळतो: डोळे वटारायचे, रक्कम वाढवायची, समोरचा पळतो का बघायचं. कुणी किती पानं बदलली एवढाच काय तो सुगावा. होल्डममध्ये पाच पानं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतात, म्हणून मोजावंच लागतं. समजा, फ्लॉपनंतर तुमच्याकडे चार इस्पिक झाले. उरलेले इस्पिक नऊ आणि न दिसलेली पानं ४७. टर्नलाच पाचवा यायची शक्यता एकोणीस टक्के, रिव्हरपर्यंत धरली तर पस्तीस. शेतात पेरणीआधी आभाळ बघून अंदाज बांधणाऱ्याला हे गणित जड नाही. शिवाय बाहेर कुठंही पोकर म्हटलं की बहुतेक होल्डमच मांडतात. लास वेगासची १९७० पासूनची वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर, तिचा मुख्य सामनाही होल्डमचाच.

म्हणून मी म्हणेन: एक रात्र ड्रॉ, दुसऱ्या रात्रीपासून होल्डम. पहिले दहा डाव हातची पानंही उघडी ठेवा आणि प्रत्येकानं आपला हात मोठ्यानं सांगायचा. उतरंड कागदावर लिहून मधोमध ठेवा. आमचा कागद अजून पत्त्यांसोबत देव्हाऱ्याखालच्या खणात आहे. त्यावर कलरच्या ओळीखाली भाच्यानं लाल पेनानं दोनदा रेघ ओढलीय.