एल्व्हिस कॉस्टेलोचा ‘धिस इयर्स मॉडेल’: घ्यायचा तर ब्रिटिश आवृत्तीतला

ब्रिटिश गायक-गीतकार कॉस्टेलोने खरी झेप घेतली ती मार्च १९७८ मध्ये आलेल्या या दुसऱ्या अल्बमने. ब्रिटनच्या अल्बम-खपाच्या यादीत तो चौथ्या क्रमांकापर्यंत गेला. पहिल्या अल्बमवर साथीला ‘क्लोव्हर’ हा अमेरिकन बँड होता. ते वाजवतात छान, पण गाण्यांतली चीड त्यांच्या वाजवण्यात उतरत नाही. इथे कॉस्टेलोचा स्वतःचा बँड आहे, ‘द अ‍ॅट्रॅक्शन्स’, आणि सगळा फरक त्यानेच पडलाय.

गिटारच्या मागे लागू नका, निर्माता निक लो याने ती बरीचशी मागेच ठेवली आहे. पुढे आहे स्टीव्ह नाईव्हचा व्हॉक्स कॉन्टिनेन्टल ऑर्गन, पातळ आणि किंचित कर्कश. ब्रूस थॉमसचा बेस नुसता ठेका धरून बसत नाही, वरच्या सुरांत जाऊन गायकाला उत्तरं देतो. फोनच्या स्पीकरवर नेमका हाच बेस गायब होतो, म्हणून हेडफोन लावूनच ऐका. ‘पम्प इट अप’चा बराचसा भाग एकाच कॉर्डवर आहे, तरी कंटाळा येत नाही, कारण बेस आणि ड्रम त्याला क्षणभरही बसू देत नाहीत. ‘लिपस्टिक व्होग’मध्ये गाणं मध्येच दबक्या आवाजात उतरतं आणि पीट थॉमसचे ड्रम ते पुन्हा वर चढवत नेतात. अख्ख्या अल्बममधलं हे सर्वात अफाट वादन!

‘लिव्हिंग इन पॅरडाइस’ त्या मानाने फिकं. अल्बममधल्या गाण्यांच्या शब्दांतला बायकांवरचा राग मात्र काही ठिकाणी खरोखर खुपतो.

अमेरिकन आवृत्तीत ‘(आय डोन्ट वॉन्ट टू गो टू) चेल्सी’ आणि ‘नाइट रॅली’ ही गाणी वगळून ‘रेडिओ, रेडिओ’ घातलंय. गाणं उत्तम, पण ‘चेल्सी’ गमावणं परवडणारं नाही. राइनो या रेकॉर्ड कंपनीच्या २००२ च्या दोन सीडींच्या संचात मूळ १२ गाणी आहेत आणि ‘रेडिओ, रेडिओ’ दुसऱ्या सीडीवर, तेव्हा तोच घ्या.

जुनी ब्रिटिश एलपी मिळाली आणि कव्हर डावीकडे कापल्यासारखं, नावातलं पहिलं अक्षर गायब, उजवीकडे छपाईच्या रंगांची पट्टी असं दिसलं, तर सदोष समजून परत करू नका. कव्हरचा डिझायनर बार्नी बबल्सने ते मुद्दाम तसं केलं होतं. पहिल्या ५०,००० ब्रिटिश प्रतींबरोबर एक सिंगल (दोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड) फुकट होतं. विक्रेता पूर्ण संच म्हणून भाव सांगत असेल, तर ते आत आहे ना, हे आधी बघा.